येगोर गायदार यांच्यावर तासाभराचे व्याख्यान कसे बांधावे

नाशिकचा श्रोता व्याख्यानाला सरावलेला आहे. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमालेला येऊन बसणाऱ्यांत अनेक चेहरे वर्षानुवर्षे तेच दिसतात, आणि वक्ता तयारी करून आला आहे की चार लेख चाळून, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळते. अशा श्रोत्यांसमोर साम्यवाद कोसळल्यानंतर रशियाची अर्थव्यवस्था बाजाराच्या वाटेवर नेणाऱ्या येगोर गायदार यांचे चरित्र मांडायचे असेल, तर ते कसे बांधावे याचे हे टिपण आहे. आमच्या छोट्या अभ्यासमंडळात मी या विषयावर दोनदा बोललो. पहिल्या खेपेला फसलो आणि दुसऱ्या खेपेला बरे जमले. पुढचे बरेचसे सांगणे त्या दोन खेपांमधल्या फरकातून आलेले आहे.

वेळेची वाटणी आधी करावी

गायदार यांचा जन्म 19 मार्च 1956 चा आणि मृत्यू 16 डिसेंबर 2009 चा, म्हणजे आयुष्य 53 वर्षांचे. त्यातला देशाच्या कारभारावर थेट हात असलेला मुख्य काळ मात्र नोव्हेंबर 1991 ते डिसेंबर 1992 असा जेमतेम तेरा महिन्यांचा आहे. चरित्रपर व्याख्यानात जन्मापासून मृत्यूपर्यंत समान वेगाने चालत जाण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि माझी पहिली चूक तीच होती. बालपणात पंचवीस मिनिटे गेली, आणि ज्या दिवसासाठी लोक आले होते तो 2 जानेवारी 1992 चा दिवस मी सात मिनिटांत उरकला. तेव्हा साठ मिनिटांपैकी दहा-बारा मिनिटे 1991 पर्यंतच्या आयुष्याला, किमान पस्तीस मिनिटे त्या तेरा महिन्यांना आणि उरलेली पुढच्या आयुष्याला अशी वाटणी कागदावर लिहून, घड्याळ समोर ठेवूनच बोलावे.

पूर्वायुष्याची सुरुवात नावापासून केली तर मराठी श्रोता चटकन जवळ येतो, कारण रशियन नावाची घडण आपल्यासारखीच आहे: स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. येगोर तिमूरोविच गायदार म्हणजे तिमूर यांचा मुलगा येगोर. गायदार हे आडनाव मात्र पिढीजात नव्हे. आजोबा अर्कादी गोलिकोव यांनी लेखनासाठी घेतलेले ते टोपणनाव पुढे घराण्याचे झाले. हे आजोबा सोव्हिएत बालसाहित्यातले फार मोठे नाव होते. मॉस्कोत छापलेली, गुळगुळीत कागदाची, अगदी स्वस्त मराठी पुस्तके ज्यांच्या घरात होती त्या पिढीला सोव्हिएत बालसाहित्याची चव वेगळी सांगावी लागत नाही. आईकडचे आजोबा पावेल बाझोव हेही लेखकच होते. वडील तिमूर गायदार ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्राचे लष्करी वार्ताहर आणि नौदलातले रिअर अॅडमिरल. म्हणजे सोव्हिएत व्यवस्था मोडीत काढण्याचे काम ज्याच्या हातून झाले, तो त्याच व्यवस्थेच्या देवघरात वाढला होता. ही विसंगती एका वाक्यात सांगून पुढे जावे. तिच्यावर अलंकार चढवण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, मलाही आवरला नव्हता.

बालपणातल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. 1962 च्या क्षेपणास्त्र संकटाच्या वेळी हे कुटुंब क्युबात होते, आणि नंतरच्या काही वर्षांत वडिलांची नेमणूक युगोस्लाव्हियात झाली. तिथे समाजवादी चौकटीतच बाजाराला काही जागा दिलेली होती, आणि सोव्हिएत संघात सहजी न मिळणारी पुस्तकेही वाचायला मिळत. पुढे मॉस्को विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी, संशोधन संस्थांतले काम, 1986 मध्ये लेनिनग्राडजवळ तरुण अर्थतज्ज्ञांची जमलेली बैठक (पुढे खासगीकरणाचा कार्यक्रम सांभाळणारे अनातोली चुबाइस यांची साथ याच वर्तुळातली), मग पक्षाच्या सैद्धांतिक नियतकालिकात आणि ‘प्रावदा’त अर्थविषयक संपादकपद, एवढे भराभर सांगावे. ऑगस्ट 1991 मध्ये कट्टर कम्युनिस्टांनी गोर्बाचेव यांच्याविरुद्ध केलेल्या फसलेल्या उठावाच्या दिवसांत त्यांनी कम्युनिस्ट पक्ष सोडला, येथे पूर्वार्ध संपवावा.

तिजोरीत काय होते, ते आधी सांगावे

आर्थिक सुधारकाचे चरित्र सांगताना त्याने काय केले याच्या आधी त्याच्या हाती काय आले हे सांगावे लागते. हा क्रम चुकला की श्रोत्याच्या मनात निकाल आधीच लागतो आणि पुढचे सगळे बोलणे वकिली ठरते.

सोव्हिएत संघात दुकानांतले भाव सरकार ठरवत असे आणि ते वर्षानुवर्षे हलत नसत. 1962 मध्ये मांस आणि लोणी यांचे भाव वाढवले, तेव्हा नोवोचेर्कास्क शहरात कामगार रस्त्यावर उतरले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यानंतरच्या नेत्यांनी अन्नाच्या भावाला हात लावण्याचा धसकाच घेतला. भाव तेच राहिले आणि फरक सरकारी खजिन्यातून भरला जाऊ लागला. धान्य आयात करायचे आणि त्याचे पैसे तेल विकून द्यायचे, हे गणित तेलाचे भाव चढे होते तोवर जमले. 1985-86 मध्ये तेल कोसळले आणि गणित फिसकटले. तूट भरून काढण्यासाठी नोटा छापल्या गेल्या. लोकांच्या हातात रुबल साचत गेले, पण दुकानात घेण्यासारखे काही नव्हते.

जानेवारी 1991 मध्ये सोव्हिएत पंतप्रधान पावलोव यांनी 50 आणि 100 रुबलच्या नोटा रद्द केल्या आणि त्या बदलून घ्यायला लोकांना तीन दिवस दिले. हे वाक्य उच्चारताच सभागृहात नोव्हेंबर 2016 ची आठवण निघतेच. ती निघू द्यावी, मात्र तिच्यात वाहून जाऊ नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारी हुकमाने भाव दोन-तीन पटींनी वाढवण्यात आले आणि तरीही दुकाने भरली नाहीत. गायदार सत्तेत येण्याच्या आधीचे हे सगळे आहे. व्याख्यानात ‘आधी’ हा शब्द येथे ठासून म्हणावा.

दुकाने का भरली नाहीत, हे समजावायला नाशिक जिल्ह्यासारखी जागा नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवलेला शेतकरी लासलगावचा भाव पडलेला असला तर ट्रॅक्टर बाहेर काढत नाही, हे येथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. 1991 च्या शरद ऋतूत रशियातल्या सामूहिक शेतांनी तेच केले. सरकारी भावाला धान्य द्यायचे म्हणजे कशालाही न पुरणारा कागद हातात घ्यायचा, म्हणून धान्य कोठारांतच राहिले. आवक थांबली, शहरांत शिधापत्रिका आल्या आणि परकीय चलन संपत आल्यामुळे आयातीचा रस्ताही अरुंद झाला. हुकूम देऊन धान्य काढून घेणारे जुने पक्षयंत्र तोवर कोलमडले होते, आणि भाव देऊन धान्य काढणारा बाजार अस्तित्वात आला नव्हता. नोव्हेंबर 1991 च्या पहिल्या आठवड्यात रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी 35 वर्षांच्या गायदार यांना उपपंतप्रधान नेमून अर्थ आणि वित्त ही खाती सोपवली, ती या परिस्थितीत. आपल्याकडे या वयाच्या माणसाला पतसंस्थेच्या संचालक मंडळावर घेतानाही चार जण नाक मुरडतात.

2 जानेवारीच्या दिवसाला पुरेसा वेळ द्यावा

28 ऑक्टोबर 1991 रोजी येल्त्सिन यांनी भाव मोकळे करण्याची घोषणा केली आणि लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या सर्वोच्च प्रतिनिधिसभेने, त्यांना सुधारणांसाठी वर्षभराचे विशेष अधिकार दिले. वर्षभराचे, हे श्रोत्यांच्या लक्षात राहील अशा रीतीने सांगावे, कारण पुढच्या डिसेंबरात गायदार का गेले याचे अर्धे उत्तर त्या मुदतीत आहे. 8 डिसेंबरला बेलारूसमधल्या बेलोवेझ येथे सोव्हिएत संघ संपवणारा करार झाला. त्याच्या मसुद्यावर काम करणाऱ्यांत गायदार होते. भाव मोकळे करण्याची डिसेंबरमधली तारीख युक्रेन आणि बेलारूस यांच्या विनंतीवरून पुढे ढकलली गेली आणि 2 जानेवारी 1992 हा दिवस ठरला.

‘सगळे भाव एका दिवसात मोकळे केले’ असे सरसकट वाक्य टाळावे. पाव, दूध, व्होडका, इंधन, वाहतूक आणि घरगुती सेवांचे भाव सरकारच्या ताब्यातच राहिले. ते फक्त काही पटींनी वाढवले गेले. बाकीचे बहुतेक भाव मोकळे झाले आणि जानेवारी या एका महिन्यात ग्राहकभाव 245 टक्क्यांनी चढले, म्हणजे साडेतीन पटींच्या आसपास गेले. याच महिन्याच्या 29 तारखेला कोणालाही कुठेही खरेदी-विक्री करण्याची मुभा देणारा हुकूम निघाला. गायदार यांनी आपल्या आठवणींत एक दृश्य सांगितले आहे. मॉस्कोतल्या लुब्यांका चौकातून गाडीने जाताना त्यांना लांबच लांब रांग दिसली. नेहमीप्रमाणे काही विकत घेण्याची रांग असावी असे त्यांना वाटले, पण ती विकणाऱ्यांची होती. कोणाच्या हातात सिगारेटची पाकिटे, कोणाकडे डबाबंद खाद्य, आणि अनेकांच्या कोटाला वर्तमानपत्रातून कापलेला तो हुकूम टाचणीने लावलेला, जणू तोच परवाना. व्याख्यानात एकच चित्र उभे करायची मुभा असेल तर ते हे करावे, कारण त्यात मोकळीक आणि लाचारी एकाच कोटाला टाचलेल्या दिसतात.

यानंतर फळ्यावर एक साधा आलेख काढावा. यंत्राने पडद्यावर दाखवू नये, खडूनेच काढावा. आडव्या रेषेवर 1992 चे बारा महिने आणि उभ्या रेषेवर महिन्याची भाववाढ. जानेवारी 245 टक्के, मग उतरत उतरत ऑगस्टला 9 टक्क्यांच्या आसपास, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पुन्हा प्रत्येक महिन्याला 20 टक्क्यांच्या वर. हे दुसरे शिखर का आले, एवढा एक प्रश्न नीट सोडवला तरी व्याख्यान सार्थकी लागते. उन्हाळ्यात कारखाने एकमेकांची देणी थकवून बसले होते, संसदेचा दबाव वाढला होता आणि मध्यवर्ती बँक सरकारच्या नव्हे तर संसदेच्या अखत्यारीत होती. जुलैत बँकेच्या प्रमुखपदी व्हिक्तोर गेराश्चेंको आले, कारखान्यांना मोठ्या प्रमाणावर कर्जे दिली गेली आणि तो पैसा तीन-चार महिन्यांनी भावांत उतरला. शिवाय रुबल हे तेव्हा नव्याने स्वतंत्र झालेल्या अनेक देशांचे सामाईक चलन होते आणि प्रत्येक देशाची मध्यवर्ती बँक रुबलमध्ये कर्जे देऊ शकत होती. एका तिजोरीला पंधरा चाव्या असाव्यात तसे ते झाले होते.

नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये ज्यांच्या घरातले कोणी नोकरीला होते, अशी माणसे सभेत हमखास असतात. त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भाव इतक्या वेगाने चढले की 1992 च्या मध्यावर रशियात रोख नोटांचाच तुटवडा पडला. छापखान्यांना वेग पुरेना, पगार थकले आणि 5,000 व 10,000 रुबलच्या नोटा काढाव्या लागल्या. पैसा फार झाल्यामुळे भाव चढतात आणि त्याच वेळी हातात नोट नसते, हा विरोधाभास प्रेसमधल्या माणसाला पुस्तकी पंडितापेक्षा लवकर उमगतो.

ठेवींचा प्रश्न स्वतःहून काढावा

पहिल्या व्याख्यानात मी ठेवींविषयी अवाक्षर काढले नाही. प्रश्नोत्तरांत एका निवृत्त शिक्षिकांनी विचारले, “सर, त्या म्हाताऱ्या माणसांच्या बँकेतल्या पैशांचे काय झाले हो?” माझ्याकडे उत्तर नव्हते. जी काही सारवासारव केली ती आठवून आजही कानकोंडे व्हायला होते.

उत्तर सांगताना आकडा मांडावा. 1992 या वर्षात भाव साधारण 26 पट झाले. वर्षाच्या सुरुवातीला सरकारी बचत बँकेत 10,000 रुबल असलेल्या माणसाची ती रक्कम, व्याज बाजूला ठेवले तर, वर्षअखेरीस आधीच्या 385 रुबलांहूनही कमी मोलाची उरली. आयुष्यभराची पुंजी गेली, हे आधी स्पष्ट म्हणावे. त्यानंतर गायदार यांच्या बाजूचे म्हणणे सांगावे: ठेवींचा पैसा सोव्हिएत सरकारने आपल्या तुटीत आधीच खर्चून टाकला होता, पासबुकात फक्त आकडा उरला होता आणि तो आकडा खोटा आहे हे 2 जानेवारीला उघड झाले. मग विरोधातले म्हणणे सांगावे: ग्रिगोरी यावलिन्स्की यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांच्या मते आधी दुकाने, मालमोटारी, छोटी मालमत्ता लोकांना विकून साचलेले रुबल शोषून घ्यायला हवे होते आणि भाव नंतर सोडायला हवे होते. माझे स्वतःचे मत असे की हिवाळा तोंडावर असताना त्या क्रमाला लागणारा वेळ उरलेला नव्हता. पण ठेवीदारांशी बोलण्यात, त्यांचे नुकसान निदान शब्दाने मान्य करण्यात हे सरकार कोरडे राहिले, आणि त्याची किंमत केवळ गायदार यांनी नव्हे तर रशियातल्या उदारमतवादी राजकारणाने पुढे कितीतरी वर्षे मोजली. वक्त्याने मत द्यावे, मात्र ते मत आहे हे कळेल अशा सुरात द्यावे.

काय त्यांच्या खात्यावर घालू नये

रशियातले अब्जाधीश, तेलकंपन्या कवडीमोलाने गेल्या, टोळीयुद्धे, 1998 ची दिवाळखोरी, हे सगळे गायदार यांच्या नावावर टाकण्याची चाल रूढ आहे. येथे तारखांचा पट उपयोगी पडतो. 15 जून 1992 पासून ते हंगामी पंतप्रधान होते. विशेष अधिकारांची मुदत संपताना डिसेंबर 1992 मध्ये येल्त्सिन यांनी त्यांचे नाव काँग्रेसपुढे ठेवले, तेव्हा त्यांना 467 मते अनुकूल आणि 486 प्रतिकूल पडली, आणि 14 डिसेंबरला व्हिक्तोर चेर्नोमिर्दिन पंतप्रधान झाले. सप्टेंबर 1993 मध्ये गायदार उपपंतप्रधान म्हणून परतले आणि जानेवारी 1994 मध्ये पुन्हा बाहेर पडले. कर्जाच्या बदल्यात बड्या कंपन्यांचे समभाग देण्याचा बदनाम व्यवहार 1995 चा आहे. 1992 च्या ऑक्टोबरपासून वाटलेली, 10,000 रुबल दर्शनी किमतीची खासगीकरणाची प्रमाणपत्रे मात्र त्यांच्या काळातली. तो कार्यक्रम चुबाइस यांच्याकडे होता, तरी सरकारप्रमुख म्हणून जबाबदारी गायदार यांचीही होती. ती टाळून त्यांना सोवळे ठरवणे हाही तितकाच अप्रामाणिकपणा आहे.

आयुर्मानाचा आकडा कोणीतरी काढणारच. रशियन पुरुषांचे सरासरी आयुर्मान 1990 मध्ये 64 वर्षांच्या जवळ होते आणि 1994 मध्ये ते 58 च्या खाली गेले. हा आकडा लपवू नये. त्यामागे दारू, तुटलेली आरोग्यव्यवस्था, बेकारीची धास्ती अशी अनेक कारणे अभ्यासक मांडतात आणि त्यांच्यात एकमत नाही, एवढे सांगून थांबावे.

तुलना करायची असेल तर पोलंडशी करावी. लेशेक बाल्त्सेरोविच यांची योजना 1 जानेवारी 1990 रोजी, म्हणजे बरोबर दोन वर्षे आधी सुरू झाली आणि भाव मोकळे करण्याचे औषध जवळपास तेच होते. फरक रोग्यात होता. पोलंडमधली बहुतांश शेती साम्यवादी काळातही खासगी राहिली होती, तिथल्या सरकारमागे कामगार चळवळीचा विश्वास होता आणि 1991 मध्ये त्याच्या सरकारी विदेशी कर्जाला मोठी सूट मिळाली. रशियाच्या वाट्याला अख्ख्या सोव्हिएत संघाचे कर्ज आले आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची पहिली रक्कम, एक अब्ज डॉलर, ऑगस्ट 1992 मध्ये मंजूर झाली. मनमोहन सिंग यांच्याशी तुलना श्रोत्यांना आवडते, वर्षही तेच 1991 चे. पण आपल्याकडे लासलगावचा लिलाव, अडते, पेढ्या, न्यायालये, शेअर बाजार हे सारे आधीपासून चालू होते. जुलै 1991 च्या अर्थसंकल्पाने त्यावरचा फास सैल केला, तर गायदार यांना बाजार ही वस्तूच नव्याने आणायची होती. हा मुद्दा दोन मिनिटांपेक्षा जास्त ताणू नये, नाहीतर व्याख्यान रशियातून निघून दिल्लीत मुक्कामाला जाते.

शेवटची दहा मिनिटे

उत्तरायुष्यातून तीन-चार प्रसंग निवडावेत. 3 ऑक्टोबर 1993 च्या रात्री मॉस्कोत येल्त्सिन आणि संसद यांच्यातला सशस्त्र संघर्ष पेटला असताना त्यांनी दूरचित्रवाणीवरून नागरिकांना रस्त्यावर येण्याचे आवाहन केले. त्यावर आजही दोन तट आहेत. 1994 च्या अखेरीस चेचेन्यातल्या युद्धाला त्यांनी विरोध केला आणि येल्त्सिन यांच्यापासून ते दूर गेले. त्यांनी उभारलेल्या संस्थेतल्या अर्थतज्ज्ञांचा हात पुढे 2001 च्या 13 टक्क्यांच्या एकसमान आयकरात आणि तेलाच्या पैशातून 2004 मध्ये उभ्या राहिलेल्या निधीत दिसतो. हा भाग कोरडा वाटतो, पण सुधारक सत्तेबाहेर राहून काय करू शकतो हे त्यातच दिसते.

24 नोव्हेंबर 2006 रोजी आयर्लंडमधल्या मेनूथ येथे ते अचानक कोसळले. आदल्याच दिवशी लंडनमध्ये माजी रशियन गुप्तचर अधिकारी अलेक्सांद्र लित्विनेंको यांचा विषबाधेने मृत्यू झाला होता, त्यामुळे विषप्रयोगाची चर्चा उसळली आणि खुद्द गायदार यांनाही तसा संशय होता. मात्र तो सिद्ध झाला नाही. सभेत ही गोष्ट रंगवून सांगितली की मागच्या रांगेतले डुलकी घेणारेही जागे होतात, म्हणूनच ती तीन वाक्यांत संपवावी.

प्रश्नोत्तरांची तयारी करताना ओझरचा विचार जरूर करावा. 1964 मध्ये तिथे मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला आणि नाशिकच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. सोव्हिएत संघ फुटल्यावर विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने निरनिराळ्या देशांत विखुरले गेले, 1992 च्या अंदाजपत्रकात गायदार यांनी शस्त्रखरेदीला मोठी कात्री लावली आणि रुपया-रुबल व्यवहाराची जुनी घडी विसकटली. भारताच्या रुबल कर्जाचा तोडगा येल्त्सिन यांच्या जानेवारी 1993 मधल्या दिल्ली भेटीत निघाला. माझ्या दुसऱ्या व्याख्यानाला ओझरहून निवृत्त झालेले एक गृहस्थ पहिल्या रांगेत होते. सगळे उठून गेल्यावर ते फळ्यापाशी आले, आलेखातल्या ऑगस्टच्या खाचेवर बोट ठेवून म्हणाले, “आम्ही इकडे पार्टची वाट बघत होतो, ते हेच दिवस ना?” तेव्हा फळा लगेच पुसू नये आणि सभागृहाच्या वेळेत शेवटची पंधरा मिनिटे मोकळी धरून ठेवावीत.